भुलीखालचे रक्ताभिसरण आणि सर हेन्री डेल

नोव्हेंबर १९०३ मध्ये लंडनच्या ओल्ड बेली न्यायालयात एक विलक्षण खटला चालला. खटला होता अब्रूनुकसानीचा. परंतु न्यायासनापुढचा खरा प्रश्न एका तपकिरी, बेवारस कुत्र्याविषयीचा होता. विद्यार्थ्यांसमोर त्याच्यावर प्रयोग चालू असताना तो पुरता बेशुद्ध होता की नव्हता? साक्षीदारांमध्ये अठ्ठावीस वर्षांचा एक संशोधक विद्यार्थी होता. प्रयोग संपल्यानंतर त्या कुत्र्याचे स्वादुपिंड काढून घेऊन त्याला ठार करण्याचे काम त्याच्याकडे आले होते, आणि ते आपण सुरीने केले, असे त्याने शपथेवर सांगितले. हा तरुण म्हणजे हेन्री हॅलेट डेल. पुढे नोबेल पारितोषिक, रॉयल सोसायटीचे अध्यक्षपद, ऑर्डर ऑफ मेरिट असे सारे सन्मान त्यांच्याकडे चालत आले. वैद्यकाचे विद्यार्थी त्यांना ओळखतात ते मज्जातंतूंच्या टोकाशी पाझरणाऱ्या रसायनांमुळे. पण त्यांच्या कामाचा एक धागा सामान्य वाचकापर्यंत फारसा पोहोचलेला नाही. भूल म्हणजे वेदनेवर ओढलेला नुसता पडदा नव्हे, ती प्राण्याच्या हृदयाची आणि रक्तवाहिन्यांची घडीच बदलून टाकते, हे मांजरांवरील प्रयोगांतून त्यांनी दाखवले. त्या कुत्र्याला पुरेशी भूल होती काय, या प्रश्नाला साक्षीदाराच्या पिंजऱ्यात सामोरा गेलेला माणूस सतरा वर्षांनी, भूल रक्ताभिसरणाचे नेमके काय करते, या प्रश्नाचे उत्तर प्रसिद्ध करत होता.

डेल यांचा जन्म ९ जून १८७५ रोजी लंडनमध्ये झाला. सात भावंडांत ते तिसरे. वडील चिनी मातीच्या भांड्यांच्या व्यवसायात होते. घराण्यात विज्ञानाची परंपरा म्हणावी अशी काही नव्हती. केंब्रिजच्या लेज स्कूलमधून ते १८९४ मध्ये ट्रिनिटी कॉलेजात दाखल झाले. तेथे गॅस्केल आणि लँग्ली हे शरीरक्रियाशास्त्रज्ञ स्वायत्त मज्जासंस्थेचा नकाशा रेखाटत होते. हृदयाचा ठोका, रक्तवाहिनीचे आकुंचन, आतड्याची हालचाल या आपल्या इच्छेबाहेरच्या क्रिया कोणत्या तंतूंच्या ताब्यात असतात, याचा तो शोध होता. तरुण डेल त्या वातावरणात घडले. पुढे सेंट बार्थोलोम्यू रुग्णालयात त्यांनी वैद्यकाचे शिक्षण घेतले आणि १९०२ मध्ये ते लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजात स्टार्लिंग यांच्या प्रयोगशाळेत आले. ज्या शिष्यवृत्तीवर ते आले, ती कादंबरीकार जॉर्ज एलियट यांनी आपले सहचर जॉर्ज हेन्री ल्यूइस यांच्या स्मरणार्थ ठेवलेली होती. याच प्रयोगशाळेत ऑटो लोवी या तरुण जर्मन संशोधकाशी त्यांची मैत्री झाली. ती आयुष्यभर टिकली.

त्या काळी भुलीविषयीचा मोठा वाद क्लोरोफॉर्मभोवती फिरत होता, आणि त्याचा एक अंक आपल्या जवळच्या हैदराबादेत रंगला होता, हे येथे मुद्दाम सांगण्यासारखे आहे. क्लोरोफॉर्म हुंगवताना अचानक रुग्ण दगावत. असे मृत्यू श्वास थांबल्यामुळे होतात की हृदय थांबल्यामुळे? हैदराबादच्या रेसिडेन्सीचे सर्जन एडवर्ड लॉरी यांचे म्हणणे होते की श्वासावर नीट नजर ठेवली तर हृदयाला धोका नाही. हे सिद्ध करण्यासाठी १८८८ आणि १८८९ मध्ये तेथे दोन आयोग बसले. दुसऱ्या आयोगाचा खर्च निजामांनी उचलला आणि ‘लॅन्सेट’ नियतकालिकातर्फे लॉडर ब्रंटन लंडनहून हैदराबादला आले. शेकडो प्राण्यांवर, मुख्यतः कुत्र्यांवर, प्रयोग झाले आणि निष्कर्ष लॉरींच्या बाजूने निघाला. तो टिकला नाही. १९११ मध्ये गुडमन लेव्ही यांनी मांजरांवर दाखवून दिले की क्लोरोफॉर्मची भूल हलकी असताना अ‍ॅड्रेनलिन दिले, तर हृदयाचे खालचे कप्पे आकुंचन पावायचे सोडून नुसते थरथरत राहतात आणि प्राणी तत्काळ मरतो. म्हणजे घाबरलेल्या, अर्धवट भूल चढलेल्या रुग्णाला धोका अधिक. शेकडो कुत्रे खर्ची पडूनही हैदराबादेत नेमकी हीच गोष्ट निसटली होती.

तपकिरी कुत्र्याकडे परत येऊ. २ फेब्रुवारी १९०३ रोजी विल्यम बेलिस यांनी युनिव्हर्सिटी कॉलेजात लाळग्रंथींविषयीचे एक प्रात्यक्षिक केले. कुत्र्याला आधी मॉर्फीन आणि नंतर अल्कोहोल, क्लोरोफॉर्म व ईथर यांचे मिश्रण दिले होते. वर्गात लिझी लिंड-अफ-हागेबी आणि लिसा शार्टाऊ या दोन स्वीडिश तरुणी होत्या. प्राण्यांवरील प्रयोगांना विरोध करण्यासाठीच त्या शरीरक्रियाशास्त्र शिकत होत्या. कुत्रा तडफडत होता, त्याला भूल नव्हती, असे त्यांनी आपल्या रोजनिशीत नोंदवले. प्रयोगविरोधी संघटनेचे स्टीफन कोलरिज यांनी जाहीर सभेत त्याचा उच्चार केला, आणि बेलिस न्यायालयात गेले. जूरीने अर्ध्या तासाच्या आतच त्यांच्या बाजूने कौल दिला. दोन हजार पौंडांची भरपाई मिळाली. ती त्यांनी कॉलेजलाच दिली. प्रकरण मात्र तेवढ्यावर मिटले नाही. १९०६ मध्ये बॅटर्सी येथे त्या कुत्र्याचा पुतळा उभा राहिला, वैद्यकाच्या विद्यार्थ्यांनी त्याविरुद्ध दंगे केले, आणि १९१० मध्ये एका रात्री तो हलवण्यात आला.

डेल यांनी या प्रकरणाचा बाऊ केलेला दिसत नाही. प्राण्यांवरील प्रयोग त्यांनी सोडले नाहीत. उलट पुढची चार दशके मांजर हाच त्यांच्या कामाचा आधार राहिला. हे कोणाला खटकेल, आणि खटकावे यातही गैर काही नाही. मात्र त्या मांजरांच्या रक्तदाबाच्या आलेखांतून जे हाती आले, ते वगळून आजची शस्त्रक्रियेची खोली उभी राहू शकत नाही, हेही तितकेच खरे.

१९०४ मध्ये काही महिने फ्रँकफुर्टला पॉल एर्लिख यांच्याकडे काढून डेल परतले. त्याच वर्षी त्यांचा एलन हॅलेट यांच्याशी विवाह झाला आणि त्यांनी एक धाडसी नोकरी पत्करली. औषधनिर्माते हेन्री वेलकम यांच्या लंडनमधील संशोधनशाळेत ते रुजू झाले. मित्रांनी नाके मुरडली. व्यापाऱ्याच्या दावणीला बांधलेले विज्ञान म्हणजे विज्ञानच नव्हे, असा तेव्हा सर्वसाधारण समज होता. डेल यांना मात्र तेथे हवी तेवढी मोकळीक मिळाली. वेलकम यांनी एकच गोष्ट सुचवली: जमेल तेव्हा अर्गटचा गुंता सोडवून पाहावा. अर्गट ही राय या धान्याच्या कणसावर वाढणारी काळसर बुरशी. बाजरीवरचा अरगट आपल्या शेतकऱ्यांच्या परिचयाचा आहे. तो याच कुळातला. सुईणी पूर्वापार अर्गटचा वापर प्रसूतीसाठी करत. परंतु त्यातील गुणकारी द्रव्य कोणते, याविषयी औषधशास्त्रात नुसता गोंधळ होता.

स्वतः डेल यांना या विषयाचे फारसे आकर्षण नव्हते. पण बुरशीच्या त्या अर्काने त्यांना जन्मभर पुरेल एवढे काम दिले. पहिला शोध तर चुकीतून लागला. अर्गटचा अर्क देऊन झालेल्या एका मांजरावर त्यांनी दिवसाच्या शेवटी अधिवृक्क ग्रंथीच्या अर्काचा एक नमुना तपासला. हा अर्क रक्तदाब वाढवतो, हे सर्वश्रुत होते. येथे दाब उतरला. नमुना खराब आहे, असा शेरा मारून डेल मोकळे झाले. आठवड्याभराने दुसऱ्या नमुन्याच्या बाबतीतही तेच घडले, तेव्हा त्यांच्या लक्षात आले की दोष अर्काचा नव्हता. अर्गटमधील द्रव्याने आधीच मांजराच्या रक्तवाहिन्यांचा प्रतिसाद पालटून ठेवला होता. आधी दिलेले औषध नंतरच्या औषधाचा परिणाम उलटा करू शकते, ही गोष्ट आज भूलतज्ज्ञाला रोज ध्यानात ठेवावी लागते. डेल यांनी १९०६ मध्ये ती प्रसिद्ध केली.

याच अर्कातून १९१० मध्ये डेल आणि रसायनज्ञ जॉर्ज बार्गर यांनी एक साधासा रेणू वेगळा काढला. तीन वर्षांपूर्वी तो जर्मनीत प्रयोगशाळेत तयार झाला होता, पण त्याच्या परिणामांकडे तेव्हा लक्ष गेले नव्हते. या रेणूला आज आपण हिस्टामिन म्हणतो. ॲलर्जीची गोळी घेणाऱ्या प्रत्येकाने हे नाव निदान वेष्टनावर तरी वाचलेले असते. डेल यांनी पॅट्रिक लेडलॉ यांच्या साथीने तो रेणू एकेका प्राण्याला टोचून पाहिला, आणि उत्तरे एकमेकांशी जुळेनात. मांजर आणि कुत्रा यांचा रक्तदाब कोसळत होता. सशाच्या धमन्या मात्र आवळल्या जात होत्या. गिनीपिगचे हृदय चालू असतानाच श्वासनलिका घट्ट मिटून तो गुदमरत होता. एकच द्रव्य, चार प्राणी आणि तीन निरनिराळे मृत्यू. याचा धडा स्पष्ट होता: एका जातीवर पाहिलेले दुसऱ्या जातीला सरसकट लागू करणे धोक्याचे. आणखी एक साम्य त्यांच्या नजरेतून सुटले नाही. परक्या प्रथिनाला अतिसंवेदनशील झालेल्या प्राण्याला ते पुन्हा टोचले की जो घातक आघात होतो, तो हुबेहूब हिस्टामिनच्या आघातासारखा दिसत होता. ही खूण त्यांनी नोंदवून ठेवली. शरीरात हिस्टामिन मुळातच असते, याचा पुरावा हाती नसल्यामुळे त्यापुढे ते गेले नाहीत. हा सावधपणा त्यांचा स्वभावच होता.

१९१४ मध्ये डेल सरकारी वैद्यकीय संशोधन समितीच्या सेवेत आले. महायुद्ध सुरू झाले होते. फ्रान्समधील आघाडीवरून एक भीषण कोडे येत होते. जखम वरवर जीवघेणी नसलेले, फार रक्तही न गेलेले सैनिक काही तासांनी पांढरे पडत, त्यांची नाडी बारीक होई, अंग गार पडे आणि ते दगावत. या अवस्थेला आघात, म्हणजे शॉक, म्हणत. असा सैनिक शस्त्रक्रियेसाठी टेबलावर घेतला आणि ईथर किंवा क्लोरोफॉर्म दिले, की पुष्कळदा त्याचा उरलासुरला रक्तदाबही जाई. आघाडीलगतच्या रुग्णालयात भूल देणारे डॉक्टर जेफ्री मार्शल यांनी १९१७ मध्ये स्वतःच्या अनुभवावरून सांगितले की अशा जखमींना नायट्रस ऑक्साइड व ऑक्सिजन यांची भूल अधिक मानवते. का मानवते, हे मात्र उलगडले नव्हते.

या कोड्याला डेल यांनी प्रयोगशाळेतून हात घातला. पहिली अडचण हिस्टामिनच्या वागण्यातच होती. शरीराबाहेर काढलेल्या धमनीच्या पट्टीवर हिस्टामिन घातले तर ती आकुंचन पावते. मग जिवंत मांजरात दाब उतरतो कसा? अमेरिकेहून आलेले ए. एन. रिचर्ड्‌स यांच्यासह १९१८ मध्ये डेल यांनी उत्तर दिले: हिस्टामिन सैल सोडते ते अतिसूक्ष्म केशवाहिन्यांना. तोवर केशवाहिनी म्हणजे रक्त वाहून नेणारी निर्जीव नळी, असेच मानत. पुढच्या वर्षी लेडलॉ यांच्यासह त्यांनी चित्र पुरे केले. मोठी मात्रा दिलेल्या मांजरात केशवाहिन्या फुगतात, त्यांच्या भिंती झिरपू लागतात, रक्तातील द्रव ऊतींमध्ये निघून जातो आणि उरलेले रक्त दाट होते. हृदय बिघडलेले नसते. त्याच्याकडे परत येणारे रक्तच इतके थोडे असते की पुढे ढकलायला त्याच्यापाशी काही उरत नाही. माणूस स्वतःच्याच केशवाहिन्यांत रक्तस्राव होऊन मरावा, तसा हा प्रकार.

या सगळ्या मांजरांना ईथर दिलेले होते, आणि डेल यांच्या मनात शंका आली ती येथेच. जे दिसते आहे ते एकट्या हिस्टामिनचे काम की ईथरचाही त्यात हात आहे? याचे उत्तर शोधण्यासाठी भूल न दिलेल्या मांजरांना हिस्टामिन टोचणे भाग होते. इंग्लंडच्या १८७६ च्या कायद्यानुसार भुलीविना प्रयोग करायचा तर वेगळे प्रमाणपत्र लागे. एकेकाळी एका कुत्र्याच्या भुलीवरून न्यायालयाची पायरी चढलेल्या माणसाने विचारपूर्वक ही वाट धरली, आणि १९२० मध्ये निष्कर्ष मांडले. शुद्धीतले निरोगी मांजर हिस्टामिनची बरीच मोठी मात्रा पचवून सावरत असे. ईथरखालच्या मांजराला त्याच्या लहानशा अंशानेही मृत्यू येई. आधी रक्तस्राव झालेले मांजरही असेच दुबळे ठरे. नायट्रस ऑक्साइड व ऑक्सिजन यांच्या भुलीखाली मात्र हा दुबळेपणा दिसला नाही. मार्शल यांना आघाडीवर जे हाताला जाणवले होते, त्याला येथे प्रयोगाचा आधार मिळाला. ईथर नाडी भरदार ठेवते म्हणून ते हृदयाला निर्धोक, असा शस्त्रवैद्यांचा भरवसा होता. त्या भरदार नाडीखाली केशवाहिन्यांचा आधार खचलेला असू शकतो, हे या मांजरांनी दाखवून दिले.

या संशोधनातून निघालेला एक मोठा सिद्धान्त पुढे चुकीचा ठरला, हेही सांगायला हवे. चिरडलेल्या स्नायूंतून हिस्टामिनसारखे विष रक्तात जाते आणि त्यानेच सैनिक मरतात, असे डेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांना वाटे. १९३० मध्ये अमेरिकेतील आल्फ्रेड ब्लेलॉक यांनी कुत्र्यांवर दाखवले की जखमी अवयवातच इतके रक्त व द्रव साचते की आघाताचा उलगडा करायला निराळ्या विषाची गरज उरत नाही. सिद्धान्त गेला; ईथर आणि रक्तस्राव यांच्याविषयीचे निरीक्षण राहिले.

हिस्टामिन शरीरात मुळातच असते काय, या जुन्या प्रश्नाचे उत्तर १९२७ मध्ये मिळाले. चार्ल्स बेस्ट, डडली आणि थॉर्प यांच्यासह डेल यांनी ताज्या फुप्फुसातून आणि यकृतातून ते वेगळे काढले. अर्गटमध्येच १९१४ च्या सुमारास सापडलेले ॲसिटिलकोलिन, ज्याने मांजराचे हृदय जवळपास थांबावे इतके मंदावले होते, तेही १९२९ मध्ये प्राण्यांच्या प्लीहेत मिळाले. मज्जातंतू आपला संदेश या रसायनाच्या मार्फत पोहोचवतात, हे लोवी यांनी बेडकाच्या हृदयावर दाखवले होते. डेल यांच्या गटाने ते स्नायूंपर्यंत नेले. १९३६ चे नोबेल पारितोषिक या दोन मित्रांना विभागून मिळाले. दोनच वर्षांत नाझींनी लोवी यांना ऑस्ट्रियात तुरुंगात टाकले आणि पारितोषिकाची रक्कम हिरावून घेतली.

त्याआधी १९३३ मध्ये ज्यू म्हणून बर्लिनच्या नोकरीतून काढलेल्या विल्हेल्म फेल्डबर्ग यांना डेल यांनी आपल्या हॅम्पस्टेड येथील संस्थेत आसरा दिला होता. आपल्या विषयाची पुढची कथा याच फेल्डबर्ग यांच्यापाशी येते. १९४२ मध्ये माँट्रियल येथे ग्रिफिथ आणि जॉन्सन यांनी शस्त्रक्रियेच्या वेळी स्नायू सैल पाडण्यासाठी क्युरारे वापरले, आणि भूलशास्त्राचे रूप पालटले. परंतु क्युरारे दिल्यावर काही रुग्णांचा रक्तदाब उतरे, अंगावर लाली येई, छाती भरून येई. ही लक्षणे डेल यांच्या जुन्या मांजरांची होती. १९४९ मध्ये मॅकिंटॉश आणि विल्यम पॅटन यांनी दाखवले की अनेक सेंद्रिय द्रव्ये ऊतींमध्ये साठलेले हिस्टामिन मोकळे करतात. १९५१ मध्ये फेल्डबर्ग आणि पॅटन यांनी मांजराच्या त्वचेतून आणि स्नायूंतून मॉर्फीनसारखी अफूजन्य द्रव्येही तेच करतात, हे सिद्ध केले. हिस्टामिन बाहेरून टोचण्याची गरजच नव्हती. भूल देणाऱ्याच्या सुईतले औषध शरीरातलाच साठा उघडत होते. हा साठा मुख्यतः मास्ट पेशींत असतो, हे १९५३ मध्ये रायली आणि वेस्ट यांनी शोधून काढले.

आजही मॉर्फीन शिरेतून द्यायचे तर ते सावकाश दिले जाते, त्यामागे हे एक कारण आहे. पशुवैद्यकात तर प्राण्यांच्या जातीगणिक फरक पाहावा लागतो. पेथिडिन कुत्र्याला शिरेतून टाळून स्नायूत देतात. १९७० च्या दशकातले सॅफन हे भुलीचे औषध मांजरांसाठी रूढ झाले, पण कुत्र्यांसाठी वर्ज्य ठरले. दोष मूळ औषधाचा नव्हता, ते विरघळवण्यासाठी वापरलेल्या तेलकट द्रव्याने कुत्र्याच्या शरीरातले हिस्टामिन धो धो सुटत असे. मांजरांचेही कान आणि पंजे कधीकधी सुजत.

डेल यांचे उत्तरायुष्य पदांनी भरलेले होते. १९३२ मध्ये ते सर झाले, १९४० ते १९४५ या युद्धकाळात रॉयल सोसायटीचे अध्यक्ष होते, आणि वेलकम यांच्या मृत्युपत्रातून उभ्या राहिलेल्या न्यासाची धुरा त्यांनी १९३८ पासून १९६० पर्यंत वाहिली. लायसेंकोच्या आग्रहापायी आनुवंशशास्त्रज्ञांचा छळ झाला, तेव्हा १९४८ मध्ये सोव्हिएत विज्ञान अकादमीचे सन्माननीय सदस्यत्व त्यांनी परत केले. त्यांची कन्या ॲलिसन यांचे पती अलेक्झांडर टॉड यांनाही १९५७ मध्ये रसायनशास्त्राचे नोबेल मिळाले. २३ जुलै १९६८ रोजी केंब्रिज येथे डेल यांचे निधन झाले. ते त्र्याण्णव वर्षांचे होते.

बॅटर्सी येथे १९८५ मध्ये त्या तपकिरी कुत्र्याचा नवा पुतळा उभारण्यात आला. खटल्यात त्याच्या भुलीविषयी पुष्कळ साक्षी झाल्या. त्याला दिलेल्या मॉर्फीनने त्याच्या रक्तवाहिन्यांचे काय केले असेल, हे मात्र त्या दिवशी न्यायालयात कोणीच सांगू शकले नसते, पिंजऱ्यात उभे असलेले डेलसुद्धा.